कापो काय बरको?

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात जुलै महिन्याच्या पानावर माझ्या अक्षरातली एक ओळ आहे : 'पहिली-दुसरीच्या वर्गाचे कामकाज समाधानकारक.' मी ही ओळ लिहीत होतो तेव्हा त्या वर्गात एक मूल खिडकीच्या गजांतून डोकं बाहेर काढून ते परत आत कसं घ्यायचं याचा विचार करत होतं. दोघं टेबलाखाली होती आणि नवे गुरुजी करवंटीतली बेडकाची पिल्लं मोजत होते. तरी ती ओळ खोटी नव्हती. रजिस्टरातला रकाना दोन बोटं रुंद असतो, त्यात एवढंच मावतं. उरलेलं इथे लिहितो.

शाळेचं नाव सांगत नाही. तळेऱ्याजवळची एक वाडी, एवढं पुरे. तळेरं तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त तुमच्या लक्षात नाही. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चहाला थांबते, तुम्ही आळोखेपिळोखे देत 'हे कुठलं हो गाव?' असं विचारता आणि उत्तर यायच्या आत परत गाडीत चढता, तेच ते. इथून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो. म्हणजे निघून जायला चारी दिशा मोकळ्या. राहायला म्हणून कोणी इथे आलं की आम्ही त्याच्याकडे जरा संशयानेच बघतो, आणि तो शिक्षक असला तर फारच.

संशयाला कारण आहे. घाटावरचे गुरुजी इथे लागतात, मासे खायला शिकतात, मुलांना लळा लागतो आणि एखाद्या उन्हाळ्यात जिल्हाबदलीची यादी लागली की पिकल्या रातांब्यासारखे टपटप गळतात. 'शून्य शिक्षकी शाळा' हा शब्दप्रयोग आम्ही 2023 साली शिकलो. त्यामुळे 2024 च्या भरतीत आमच्या शाळेला नवे गुरुजी मिळणार, ही बातमी आली तेव्हा वाडीत आनंद झाला, पण नारळ फोडण्याइतका नाही. भरती 'पवित्र' पोर्टलवरून झाली होती. आमच्या मंडळींना बरेच दिवस ती देवस्थानची योजना वाटत होती.

गुरुजी आले 15 जूनला, शनिवारी. त्या वर्षी जानेवारीपासून करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून भुईबावड्याने वळसा घालून, मोटारसायकलला ट्रंक बांधून, डोक्यापासून बुटापर्यंत भिजून आले. शाळेत प्रवेशोत्सव चालू होता. पहिलीत येणाऱ्या सात मुलांसाठी फुगे, गुलाबाची फुलं आणि पेढे आणले होते. गुरुजींना पाहून एका आजीने आपल्या नातवाचं फूल काढून त्यांनाच दिलं आणि वाडीचे तीन प्रश्न विचारले.

"गुरुजींनू, तुमी खयचे? लगीन झाला? बदली कधी?"

"आज्जी, आजच आलोय मी."

"व्हय, म्हणानच इचारतंय."

आता मी तिथे काय करत होतो, तेही सांगायला हवं. मी मुंबईला पोस्टात 36 वर्षं काढून गावी परतलेला चाकरमानी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आमच्यासारख्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. उरलेल्यांत एक जागा शिक्षणप्रेमी नागरिकाची असते. शिक्षणप्रेमी म्हणजे ज्याला दुपारी बाराच्या आत दुसरं काही काम नाही, असा माणूस. वाडीत एकमताने माझं नाव पुढे आलं. शिवाय नातू त्याच वर्षी पहिलीत जाणार होता. मग मी शाळेच्या पडवीत खुर्ची टाकली आणि तिथून वर्ग बघू लागलो.

एक खोली, पहिलीची सात आणि दुसरीची सहा मुलं. फरशीवर एक ते शंभर आकड्यांचा पट रंगवलेला. साताऱ्याच्या कुमठे बीटातून ज्ञानरचनावादाची लाट निघाली, ती कोकणात पोचली तेव्हा शाळाशाळांतल्या फरश्या अशा रंगल्या. नव्या गुरुजींनी त्या फरशीसमोरच्या भिंतीवर एक तक्ता लावला. गुलाबी कागद, निळी अक्षरं, कडेने फुलं. वर मथळा : 'आमच्या वर्गाचे नियम'. खाली नियम 11. हात वर करून बोलावे. रांगेत यावे. आपल्या जागेवर बसावे. परवानगीशिवाय वर्गाबाहेर जाऊ नये. अपशब्द बोलू नयेत. असे एकेक. पोस्टात मी याच्याहून जाड नियमपुस्तकं उशाला घेऊन झोपलोय, त्यामुळे मला तक्ता पाहून कौतुकच वाटलं. शंका एकच होती. पहिलीतल्या कोणालाच वाचता येत नव्हतं.

पहिली अडचण हजेरीची. गुरुजींनी पटावरची नावं घेतली, एक घेतलं, दोन घेतली, मुलं शांत. गुरुजींना वाटलं, सगळी गैरहजर. पण समोर तर तेरा डोकी. अखेर मी पडवीतून म्हटलं, "गुरुजी, यांना ही नावं ठाऊक नाहीत. बारशानंतर ती कोणी वापरलेली नाहीत. 'बाबू' म्हणून बघा." गुरुजींनी 'बाबू' म्हटलं आणि पाच मुलगे एकदम उभे राहिले. 'बाय' म्हटल्यावर चार मुली. त्या आठवड्यात गुरुजींचा अध्यापनाचा घटक एकच होता, प्रत्येकाला स्वतःचं नाव शिकवणं. एका बाबूने आपलं पाळण्यातलं नाव ऐकलं आणि "ह्या माझा न्हय" म्हणून परत केलं.

नंतर हात वर करण्याचा नियम. तो मुलांना फार आवडला. त्यांनी हात वर केले आणि नेहमीसारखंच सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. फरक एवढाच की आता हातही वर होते. ज्याची बातमी मोठी, तो दोन्ही हात वर करी. एका मुलाने सकाळी वर केलेला हात खिचडीपर्यंत खाली घेतला नाही, कारण खाली घ्यायचा नियम तक्त्यावर नव्हता. मला हे पटलं. आमच्या खात्यातही असंच चालायचं.

मुलांना सांगायचं तरी काय असायचं? तर गाय व्याली, पाडी झाली. रात्री शेजारच्यांच्या पडवीत साप आला. मामा मुंबईवरून इलो. गुरुजी डोकेबाज. त्यांनी सक्त ताकीद देण्याऐवजी पहिली दहा मिनिटं बातम्यांसाठी नेमून दिली. एकेकाने उभं राहून बातमी सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. शिक्षणशास्त्रात याला नाव असेल, श्रवण-भाषण कौशल्य किंवा काहीतरी. आमच्या वाडीत त्याला 'आता काय खरा नाय' असं नाव पडलं. तिसऱ्याच दिवशी एका मुलीने खणखणीत आवाजात सांगितलं, "काल पपा नि मम्मी भांडली. पपा उपाशी निजले." पपा समितीचे सदस्य. चौथ्या दिवशी आमचे चिरंजीव, म्हणजे नातू, उठले.

"आमचो आजो कपाटामागे उभो ऱ्हवान खाजा खाता. आजयेक सांगू नको म्हणता."

मी खुर्ची हळूच मागे सरकवली, पण पोषण आहाराच्या मावशी दारातच तांदूळ निवडत होत्या. पहिलीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ शिजवायचा असतो. तेरा मुलांचे तांदूळ निवडून व्हायच्या आत बातमी आमच्या घरी पोचली होती. साखरेची गोळी मी सकाळ-संध्याकाळ घेतो. तेव्हापासून मालवणी खाजा जत्रेतसुद्धा फक्त बघतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी : पोराने पूर्ण वाक्यं वापरली होती, क्रम बरोबर होता, आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

सगळ्यात मोठा घोटाळा चित्रकार्डांनी केला. गुरुजींनी डी.एड.च्या वेळेपासून जपलेली, प्लास्टिकच्या आवरणातली कार्डं आणली होती. चमच्याचं चित्र दाखवून 'च' शिकवायचा. मुलं म्हणाली, "डवली." म्हणजे 'ड' आधी आला. झाडूचं चित्र दाखवलं. "वाढवण." झ गेला, व आला. काकडीला "तवसा". खेकड्याला "कुर्ली", आणि ती कुठल्या व्हाळात मिळते, कशी पकडायची आणि चावली तर काय करायचं, हे तिघांनी एकदम. वर्णमाला दुपारपर्यंत पार उलटीपालटी झाली. मग गुरुजींनी हुकमाचं पान काढलं. फणस! फणसाला मालवणीतही फणसच म्हणतात, हे त्यांनी आदल्या रात्री घरमालकिणीला विचारून ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"फणऽऽस!"

"शाब्बास! फ फणसाचा."

दुसरीतली एक बाय उठली, कार्डाजवळ गेली. डोकं एका बाजूला कलतं करून तिने त्या चित्रावर बोटाच्या पेराने टकटक केलं. आमच्या आयाबाया झाडावरच्या फणसावर टकटक करतात ना, अगदी तशी. कान लावला. मग गुरुजींकडे वळून तिने विचारलं,

"कापो काय बरको?"

गुरुजींनी कार्डाकडे पाहिलं. मागची बाजू पाहिली. तिथे छापखान्याचं नाव होतं. घाटावरच्या माणसाला फणस म्हणजे फणस. कापा म्हणजे करकरीत गऱ्यांचा आणि बरका म्हणजे गिळगिळीत, रसाळ, हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे त्याला कोण सांगणार? टीईटीत तो प्रश्न नसतो, अभियोग्यता चाचणीतही नाही. गुरुजी प्रामाणिक. म्हणाले, "मला माहीत नाही." वर्गात अशी शांतता पसरली की मी खुर्चीतून उठून आत डोकावलो. गुरुजींना काहीतरी येत नाही, हा शोध तेरा मुलांना एकाच क्षणी लागला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी कणव म्हणेन. दुसऱ्या दिवशी टेबलावर चार फणस होते. दोन कापे, दोन बरके. पावसाने झोडपलेले, हंगाम सरल्याचे, पण होते. मुलांनी गुरुजींना शिकवलं. हाताला तेल लावायचं, मग चीक चिकटत नाही. काटे कसे बघायचे, आठळ्या फेकायच्या नाहीत. गुरुजींनी तेल लावलं नाही, त्यामुळे त्या आठवड्यातली हजेरीची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. तपासणीसाठी उपलब्ध आहेत.

त्या दिवसापासून त्यांच्या खिशात एक छोटी वही आली. डावीकडे मुलांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. अपशब्दांच्या नियमाचंही त्याच दिवसांत वाटोळं झालं. 'आवशीचो घो' हे आमच्याकडे विरामचिन्ह आहे. ठेच लागली, चेंडू हरवला, पाऊस आला, की ते पडतं. गुरुजी पहिल्यांदा ऐकून दचकले आणि म्हणाले, "असं बोलायचं नाही, ही शिवी आहे." मुलांना खरोखर आश्चर्य वाटलं. मग त्यांनी अत्यंत अभ्यासू वृत्तीने चौकशी सुरू केली. एकाने उठून एक शब्द म्हटला, "ह्यी पण शिवी काय?" दुसऱ्याने दुसरा. "आणि ह्यी?" तेरा मुलांनी मिळून साठा रिकामा केला. मी जन्मापासून मालवणी, 'वस्त्रहरण' नाटक तीनदा पाहिलेला माणूस. पण दोन मलाही नवीन होत्या. पलीकडच्या वर्गातल्या मुख्याध्यापक बाईंनी मधलं दार लावून घेतलं. गुरुजींनी शांतपणे तक्त्यावरच्या त्या नियमावर पांढरा कागद चिकटवला.

दरम्यान आज्यांचं शिष्टमंडळ माझ्याकडे येऊन गेलं. तक्रार गंभीर होती. "नवे गुरुजी मारीत नाय. मगे शिकवतत कसे?" मी कायदा सांगितला : शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम, मुलाला मारणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं बंद. एक आजी म्हणाली, "कायदो ऱ्हवांदे. आमची परवानगी आसा म्हणान सांगा." आमच्या पिढीला गुरुजी म्हणजे निरगुडीचा फोक, हे समीकरण पक्कं. पावकी, निमकी, दीडकी आम्ही त्या फोकाच्या तालावर पाठ केली. मला अजून पाऊणकी येते. ती आयुष्यात एकदाही उपयोगी पडली नाही, पण पाठीवरचा वळ मात्र ऐन थंडीत आठवतो. हे आज्यांना सांगितलं नाही. समितीतर्फे विचार करू, एवढंच म्हटलं.

आता करवंटी. हा गुरुजींचा खरा शोध, आणि याचं श्रेय त्यांना मिळायला हवं. पहिलीच्या वर्गाला एक साथीचा रोग असतो. एकाने करंगळी वर करून "गुरुजी, एकीक जाव?" म्हटलं की मिनिटाभरात सगळ्यांना लागते. जूनमध्ये एकदा गुरुजी फळ्यावर 'म' काढून वळले तेव्हा वर्गात फक्त दप्तरं होती. त्यांनी दाराच्या खिळ्याला सुतळीने एक करवंटी टांगली. जाणाऱ्याने ती हातात घेऊन जायचं, आल्यावर परत टांगायची. करवंटी खिळ्यावर नसेल तर दुसऱ्याने जायचं नाही. शिट्टी नाही, ओरडणं नाही, नियम वाचायची गरज नाही. पोस्टात आम्ही शिक्क्यासाठी असंच करायचो. शिक्का एक, तो ज्याच्या हातात त्याचं राज्य.

पहिले दोन दिवस करवंटी हे वर्गातलं सर्वोच्च मानचिन्ह ठरलं. ज्यांना लागलेली नव्हती तीही मुलं ती धरायला मिळावी म्हणून गेली. "माझी पाळी!" यावरून मारामाऱ्या झाल्या. जाणारा रिकामी करवंटी घेऊन जाई आणि भरलेली घेऊन येई. शाळेमागच्या खळग्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती. करवंटीला त्यांच्याइतकं योग्य काम दुसरं कुठलं? पहिल्याने चार आणली. दुसऱ्याने सात. गुरुजींनी ती बादलीत सोडली आणि म्हणाले, "चार आणि सात किती?" माझ्या इतिवृत्तातल्या त्या ओळीच्या वेळी हेच चाललं होतं. पुढे तीन आठवडे बादलीतल्या शेपट्या गळल्या, पाय फुटले आणि एका सकाळी अंकगणित उड्या मारत वर्गभर पसरलं.

चांगल्या वागण्याला चांदणी देण्याचा प्रयोग मात्र आठवड्यात गुंडाळला. चिकटणाऱ्या सोनेरी चांदण्या तळेऱ्याच्या बाजारातून आणल्या होत्या. मुलींनी त्या तक्त्यावरून काढून कपाळाला लावल्या. मुलग्यांनी व्यापार सुरू केला. एका चांदणीला दोन भाजलेल्या काजू बिया, असा भाव निघाला. शेवटी जो सगळ्यात जास्त दंगा करायचा त्याच्याकडे सगळ्यात जास्त चांदण्या जमल्या, कारण त्यांच्या घरी काजूची बाग आहे. व्यवहारज्ञान म्हणून मी हे पूर्ण गुण देण्यासारखं मानतो. गुरुजींचं मत वेगळं पडलं.

संख्यांचा प्रश्नही निघालाच. मुलं फरशीवरच्या पटात बसत, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. नातवाला विचारलं, "तू कितीवर बसतोस?" म्हणाला, "वीस सातार." माझ्यातला शिक्षणप्रेमी जागा झाला. सत्तावीस कुठे गेले? तुम्हाला आठवत असेल, 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं आणि महाराष्ट्रात गहजब झाला. मराठी बुडाली, असं विधानसभेपासून नाक्यापर्यंत सगळे म्हणाले. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहितो दोन आधी, सात नंतर. बोलतो मात्र सात आधी. इंग्रजीत, दक्षिणेतल्या भाषांत जसं लिहितात तसं बोलतात, आणि आपलं लेकरू जोडाक्षरात ठेचकाळतं. जुनी नावंही पुस्तकात होतीच, पण भांडताना पुस्तक उघडायची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा मीही तावातावाने बोललो होतो. पण खरं सांगू? मनिऑर्डरीच्या खिडकीवर 'एकोणसत्तर' ऐकून 79 लिहिणारे पदवीधर मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि एकोणतीस या आकड्याला जो अजून आलाच नाही त्या तिसाचं नाव द्यायचं, हा हिशेब कुठल्या मुलाला पटेल? गुरुजी दोन्ही शिकवतात. नातू दुकानात 'सत्तावीस' म्हणतो आणि शाळेत 'वीस सात'. सुटे पैसे दोन्हीकडे बरोबर आणतो.

शांततेच्या नियमाची गोष्ट राहिली. मुंबईत असताना गिरगावातल्या जुन्या बाजारात मला गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मिळालं होतं. मूळ गुजराती, 1932 सालचं. त्यातला नवा शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेऊ बघतो. पोरं त्याची अशी काही फजिती करतात की त्याला मुलांना घरी सोडावं लागतं. मी ते पुस्तक गुरुजींना दिलं. त्यांनी रात्रीत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी, आश्चर्य म्हणजे, तोच खेळ घेतला. डोळे मिटा, आवाज ऐका. मुलांनी डोळे मिटले. मग कोणाला कसला आवाज ऐकू आला, त्याची हुबेहूब नक्कल सुरू झाली. एसटीचा हॉर्न, मावशींचा कुकर, कोंबडा, आणि एकाने सादर केलेलं माझं पडवीतलं घोरणं. गिजुभाईंच्या गुरुजींपेक्षा आमच्यांची परिस्थिती बरी म्हणायची. मुलं घरी गेली नाहीत. कुकर वाजल्यावर कोण जाईल?

शांतता नंतर आपोआप आली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शाळेवर पत्रे आहेत. जुलैत एकदा तो कोसळू लागला की पत्र्याखाली स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. गुरुजी दोन दिवस ओरडले, घसा बसला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड बंद केलं आणि बोटांनी शिकवायला घेतलं. पाच बोटं, तीन बोटं, भुवया वर : किती? मुलं बोटांनी उत्तर देत. हवेत अक्षर काढायचं, ज्याला कळलं त्याने ते शेजाऱ्याच्या पाठीवर काढायचं. मी पडवीतून बघत होतो. बाहेर पाणी दोरखंडासारखं लोंबत होतं आणि आत तेरा मुलं, श्वास रोखून, एका माणसाच्या बोटांकडे बघत होती. पाऊस थांबला, आणि सगळी एकदम बोलायला लागली. गुरुजी म्हणाले, "काका, पाऊस आणखी अर्धा तास पाहिजे होता." लावणीच्या दिवसांत कोकणात हे वाक्य बोलणारा माणूस आपला झाला असं समजतात.

लावणीवरून आठवलं. त्या पंधरवड्यात वर्गात चार मुलं उरली. बाकीची शेतात, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी पोचवायला. गुरुजींनी आधी घरोघर निरोप धाडले. उत्तर एकच : "लावणी झाली की येतला." ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढेही डहाणूकडे, कोसबाडला हाच प्रश्न होता. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी अंगणात अंगणवाडी भरवली आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच कुरणशाळा नेली. डी.एड.च्या पुस्तकात हे दोन गुणांसाठी असतं. आमच्या गुरुजींनी ते खरं मानलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चार मुलांसह शेताच्या मेरेवर जाऊन उभे राहिले. एका मुठीत काड्या किती, एका कुणग्याला, म्हणजे वाफ्याला, मुठी किती. तिसऱ्या कुणग्यात ते कमरेपर्यंत रुतले. त्यांना ओढून काढायला पहिलीची पाच, दुसरीची तीन मुलं आणि एक आजी लागली. एकूण नऊ, हे मुलांनीच मोजलं. आजीने चिखल पुसता पुसता म्हटलं, "बदली घेव नका हां इतक्यात."

दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्रप्रमुख भेटीला आले. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, असं 'निपुण भारत'चं उद्दिष्ट आहे; ते काम कुठवर आलं ते बघायचं होतं. बघितलं. फ ओळखला, च ओळखला. बेरजा बऱ्या होत्या. एका बाबूने उतारा वाचता वाचता त्यात नसलेली म्हैस घातली, पण ती शोभली. मग साहेबांनी सहज दुसरीतल्या त्या फणसवाल्या बायला विचारलं, "काय गं, तुमचे नवीन गुरुजी कसे आहेत?"

ती उभी राहिली. हात वर केला, बोलायच्या आधी. विचार केला.

"पयले तेंका कायच येय नाय होता. आता जरा जरा कळाक लागला."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं ते मी पाहिलं. 'समाधानकारक' असंच होतं.

तो गुलाबी तक्ता अजून भिंतीवर आहे. ओल येऊन फुलं पुसली, नियमांवर एकेक करून कागद चिकटले, काहींवर मुलांची चित्रं आली. गुरुजी अजून शिक्षणसेवक आहेत. तीन वर्षांचा काळ, महिना 16,000 मानधन, त्यात करवंट्या वगळता सगळं विकतच आणावं लागतं. करूळ घाट पुढच्या वर्षी सुरू झाला, पण ते शनिवारी घरी जातात आणि रविवारीच परत येतात. येताना एकदा मुलांना कोल्हापूरचा गूळ आणला होता.

परवा मी पडवीत बसलो होतो. गुरुजी घाईघाईने वर्गाबाहेर निघाले. आतून कोणीतरी हाक मारली, "गुरुजी, करटी!" ते मागे वळले, खिळ्यावरची करवंटी काढून हातात घेतली आणि गेले.